काळात फिरणारी बार्ज: तिच्या पोटात काय काय असावं?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जत्रेला पौराणिक नाहीतर ऐतिहासिक नाटक ठरलेलं. यंदा पोरांनी हट्ट धरला, विज्ञानाचं काहीतरी करू. म्हणून एकांकिका लिहायला घेतली आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यापासून गोव्याच्या मांडवी नदीत नुसती उभी असलेली एक खनिजवाहू बार्ज. तिच्यावरचा म्हातारा इंजिन ड्रायव्हर रिकामपणी इंजिनात असं काहीतरी करून ठेवतो की बार्ज पाण्यात पुढे जायची सोडून काळात मागे जाते. पहिला मुक्काम १५१०, पोर्तुगीजांनी गोवा घेतला ते साल; दुसरा १९६१ चा डिसेंबर, गोवा मुक्त झाला तो; तिसरा ठरायचा आहे.

संवादांची चिंता नाही. गाडं अडलंय यंत्रापाशी. दिग्दर्शक म्हणतो, निळे दिवे लाव, धूर सोड, दोन चाकं फिरव, लोकांना तेवढं पुरे. मला पटत नाही. आमच्या प्रेक्षकांत निम्मे लोक बार्जीवर नाहीतर बोटीवर आयुष्य काढलेले. पहिल्या रांगेतून कोणीतरी हमखास ओरडणार, "बिल्ज पंप खंय रे?" (तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप.) तेव्हा सांगा, ही बार्ज चालते कशी? तिला काय लागतं? काय जमत नाही? आणि उडी मारते तेव्हा प्रेक्षकाला नेमकं काय दिसावं?

बजेट विचारू नये.

सुशेगाद
माणसाचा वेळ गायब करणारी जहाजं मांडवीत आधीच उभी आहेत की, कॅसिनोची. संध्याकाळी आत गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला, आणि खिशात आजोबांच्या काळात असायचे तेवढे पैसे. ह. घ्या.

पेडणेकरीण
खुर्ची टाकून बसले आहे. चालू द्या.

गणितवेडी
आधी एक चांगली बातमी. पुढच्या काळात जायला शास्त्राची काहीच हरकत नाही. वेगाने गेलं तर घड्याळ मंदावतं, जड वस्तूजवळ राहिलं तरी मंदावतं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं याच कारणांनी जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ती तफावत काढली नाही, तर पणजीत उभा असलेला माणूस नकाशावर भर समुद्रात दिसेल.

मागे जाणं अवघड. गोडेलने १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं एक विश्व काढून दाखवलं की ज्यात पुढे पुढे जात राहिलेला माणूस आपल्याच भूतकाळात पोचतो. पण त्यासाठी अख्खं विश्व फिरतं लागतं, आणि आपलं तसं फिरताना दिसत नाही. हॉकिंगने २८ जून २००९ रोजी काळप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रण पार्टी संपल्यावर जाहीर केलं. कोणी फिरकलं नाही.

नाटकात मात्र याच्याही आधी एक अडचण येईल, ती जागेची. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते. तासाभरात एक लाख आठ हजार किलोमीटर. शिवाय ती स्वतःभोवती फिरते. गोव्याच्या अक्षांशावर आपण सगळे ताशी १६०० किलोमीटरने पूर्वेला चाललो आहोत. बार्ज नुसती एक तास मागे गेली तरी तिच्याखाली मांडवी नसेल, काळोख असेल. म्हणजे यंत्राचं पहिलं काम जागा धरून ठेवण्याचं. काळाचं नंतर.

प्रश्नोपनिषद
ताई, एक शंका. निरपेक्ष अशी जागाच नसते ना? मग तुमचे ते लाख किलोमीटर कुणाच्या तुलनेत? बार्ज पृथ्वीबरोबरच का जाणार नाही?

गणितवेडी
शंका रास्त आहे. सूर्य धरला तर एक उत्तर, आकाशगंगा धरली तर दुसरं. म्हणूनच "आपोआप पृथ्वीबरोबर जाईल" असं गृहीत धरता येत नाही. कशाला धरायचं ते यंत्राला सांगावं लागेल.

सुशेगाद
हॉकिंगने पार्टी गोव्यात ठेवली असती तर काळप्रवाशांची रांग लागली असती.

खलाशीबाब
आयुष्य बोटीवर गेलं, तेही इंजिन रूममध्ये. "कशाला धरायचं" हा प्रश्न आम्हाला पडत नाही. त्यासाठी नांगर असतो.

लोकांना वाटतं नांगर वजनाने बोट धरतो. तसं नाही. नांगर तळात रुततो आणि तळावर लोळणारी साखळी त्याला आडवी ओढत राहते, म्हणून तो रुतलेला राहतो. साखळी कमी सोडली की ओढ वरच्या दिशेने लागते, नांगर सुटतो, बोट घसरत जाते. साखळी मोजतात शॅकलमध्ये; एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर. जोडाच्या कड्यांना रंग दिलेला असतो. नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा असलेला माणूस तो रंग बघून ब्रिजला ओरडून सांगतो: दोन पाण्यात, तीन पाण्यात.

तुमची बार्ज नांगर उचलून निघतच नाही. नांगर मांडवीच्या तळाला, सगळ्या काळांत एकाच जागी. बार्ज साखळी सोडत सोडत मागे जाते. एक शॅकल म्हणजे शंभर वर्षं धरा. १५१० ला पाच शॅकल पुरी जाऊन सहावी सुरू झालेली असेल. साखळी संपली की प्रवास संपला. बार्जीला एवढी साखळी नसते हे मलाही माहीत आहे. म्हाताऱ्याने भंगारातून आणली म्हणा.

परतीला विंच, म्हणजे साखळी गुंडाळून ओढणारं यंत्र. विंच बिघडली तर तिथेच राहायचं.

मांडवीकाठ
खलाशीबाब, दंडवत! साखळीचा खडखडाट आणि "चार पाण्यात!" ही हाक. निळ्या दिव्यांची गरजच नाही.

दिग्दर्शक_स्वतः
माझ्याबद्दल इथे काय लिहिलंय ते वाचलं. धूर मी सोडणारच.

पेडणेकरीण
अगो बाई! 😄

डिचोलीचा
आमोण्याच्या बाजूला बार्जी भरताना लहानपणापासून बघत आलो, म्हणून बोलतो. बाबांचा नांगर झकास आहे, पण "तळ सगळ्या काळांत एकच" हे मांडवीला लागू नाही. नदी गाळाने भरत आली आहे. आज नांगर ज्या चिखलात रुतलाय तो चिखल १५१० मध्ये तिथे नव्हताच. मग तेव्हा नांगर धरून ठेवणार कोण?

आणि फार मागे जायचा मोह नको. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा मांडवीच्या मुखावरच्या आग्वादपासून कितीतरी लांब पश्चिमेला. बार्ज उतरेल ती रानात, दरीच्या वर कुठेतरी.

खलाशीबाब
डिचोलीचा, तुम्ही तिसरा प्रवेश लिहून दिलात! नांगर हळूहळू सुटतोय, बार्ज वर्षांतून घसरते आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नांगर घसरतोय हे कळायला किनाऱ्यावरच्या दोन खुणांचे कोन पुन्हा पुन्हा घेत बसावं लागतं. इथे खुणा कोणत्या? एकदा बघतात तर आग्वादचा किल्ला आहे, पुन्हा बघतात तर नाही.

बिल्जपंप
खास या धाग्यासाठी आयडी काढला आहे. पंप हजर आहे, पहिल्या रांगेने निश्चिंत राहावं.

एका गोष्टीकडे सगळ्यांनी काणाडोळा केलाय. पाण्यावर तरंगणारी बार्ज स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून बसलेली असते. ती पटकन नाहीशी झाली तर नदीत तेवढा खड्डा पडेल आणि चारी बाजूंनी पाणी आदळेल. शेजारी होडी असली तर संपलीच. पलीकडच्या काळात याच्या उलट: जिथे बार्ज प्रकट होणार तिथे आधीच पाणी आहे, ते जाणार कुठे?

माझं उत्तर अदलाबदल. बार्ज इथून तिकडे, आणि तिने तिकडे व्यापायची जागा जितकी, तितकं तिथलं पाणी इकडे. खड्डा नाही, लाट नाही. मात्र दोन्हीकडची पाण्याची पातळी जुळायला हवी. इथे पूर्ण भरती आणि तिथे सुकती असली, तर बार्ज तेव्हाच्या पाण्याच्या वर हवेत प्रकट होईल आणि धाडकन खाली आपटेल. मांडवीच्या मुखाशी मोठ्या भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. एवढ्या उंचीवरून बार्ज आपटली तर इंजिनाचे पाये हलतील.

डिचोलीचा
म्हणजे १५१० मधलं पाणी आजच्या मांडवीत. त्यातले मासे, शेवंड, चिखल, सगळं.

खलाशीबाब
आणि मग तपासणी! जहाजांनी एका बंदराचं बॅलास्ट पाणी (तोल राखायला टाक्यांत भरतात ते) दुसऱ्या बंदरात ओतू नये, त्यातून परके जीव पसरतात, म्हणून २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. तो लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं. आता प्रत्येक टाकीच्या पाण्याची नोंदवही असते: कुठे घेतलं, कधी घेतलं, कुठे सोडलं. "कधी घेतलं" या रकान्यात म्हातारा "नोव्हेंबर १५१०" लिहितोय आणि इन्स्पेक्टर चष्मा पुसतोय. हा एक छान विनोदी प्रवेश होईल.

सुशेगाद
पावसाळ्यात आग्वादच्या बारावर, म्हणजे नदीच्या मुखाशी, वाळू साचते, तेव्हा बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जायच्या. त्या कालव्यात मगरी आहेत. तिथून उडी मारली तर अदलाबदलीत कोण येईल याचा विचार केलाय का?

मांडवीकाठ
मगरीचं काम करायला आमच्याकडे तिघे तयार आहेत. नायकाला कोणी मिळत नाही.

पेडणेकरीण
अवांतर, पण कोणीच विचारत नाही म्हणून विचारते. १५१० मध्ये बार्जीवरची माणसं जेवणार काय? मिरची पोर्तुगीजांनी आणली, त्यामुळे तेव्हा हुमणात, म्हणजे माशाच्या कढीत, मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, अननस नाही, पपई नाही. मिरी आहे, आलं आहे, चिंच आहे, सोलं आहेत, नारळ आहे. हळद आणि मिरी घातलेलं पिवळं हुमण. वाईट लागणार नाही, पण पोरं पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतील.

आणि काजूही नाही. तोही त्यांनीच आणलेला.

सुशेगाद
काजू नाही म्हणजे काजूची फेणी नाही. १५१० रद्द करा. +१ कोण?

दिग्दर्शक_स्वतः
+१

डिचोलीचा
पेडणेकरीणताईंच्या नारळावरून आठवलं. बार्जीचं इंजिन डिझेलचं. १५१० मध्ये डिझेल कुठून आणणार? पण १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खोबरेल तेलावरही चालतं. म्हाताऱ्याला तेव्हाच्या घाण्याचं तेल मिळालं की काम झालं. फक्त खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे टाकीत लोण्याचा गोळा! पळून जायची वेळ आली आहे आणि तेल वितळायला चूल पेटवावी लागते आहे.

गणितवेडी
हे फार आवडलं. बार्जीला काय जमत नाही, असं मांडवीकाठ यांनी विचारलं होतं. थंडीत पळता येत नाही, हे उत्तर कोणत्याही चमकत्या स्फटिकापेक्षा बरं.

पंचांगवाले
उशिरा येतोय. पौरोहित्य करतो, नाटकांतही कामं केली आहेत.

तुमच्या यंत्रात तारखेची चकती असणार. त्यावर कोणती तारीख लावणार? अल्बुकर्कने गोवा घेतला २५ नोव्हेंबर १५१०, पण ती जुन्या ज्युलियन पंचांगाची. पोर्तुगालात ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर आली, मधले दहा दिवस गाळले. आजचं कॅलेंडर तसंच मागे नेलं तर त्या दिवशी येते ५ डिसेंबर. म्हणजे म्हाताऱ्याने चकतीवर सरळ २५ नोव्हेंबर लावला तर तो लढाईच्या दहा दिवस आधी पोचेल. नाटककाराने हे दहा दिवस फुकट घालवू नयेत.

त्याहून चांगलं म्हणजे चकती तिथीची करा. बिल्जपंप यांना दोन्हीकडची भरती जुळवायची आहे ना? समुद्र इंग्रजी तारीख पाळत नाही, चंद्र पाळतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. आमच्या किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ अंदाजाने सांगतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, त्यावरून हा हिशेब. तेव्हा पौर्णिमेहून पौर्णिमेला उडी मारा, तीही भरती पूर्ण भरल्यावर. पाणी बरंचसं जुळेल. महिन्यातून एकदाच दार उघडतं, असा नियमही आयता मिळाला.

वेळ मोजायला घटिकापात्र ठेवा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडायची. बुडातून पाण्याची केसासारखी धार वाटीत उसळते. वाटी आधी थोडी झुलते, मग जड होऊन स्थिर होते. काठ पाण्याला टेकले की एका क्षणात "बुडुक" करून तळाला. झाली एक घटका, २४ मिनिटं. पूर्वी लग्नात मुहूर्त यावरच धरायचे, भटजी वाटीवरची नजर हलवायचे नाहीत. एकांकिका पन्नास मिनिटांची असेल तर वाटी दोनदा बुडेल. प्रेक्षकांसमोर खरी बुडू द्या.

दिग्दर्शक_स्वतः
भटजीबाब, नट संवाद विसरला तर वाटी थांबणार आहे का?

पंचांगवाले
लग्नात नवरदेव उशिरा आला तरी थांबायची नाही.

प्रश्नोपनिषद
बार्जीला नाव काय? "रेवती" ठेवा. रैवत राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणं चाललं होतं, म्हणून जरा थांबला. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाले, तू मनात धरलेले सगळे वर केव्हाच गेले, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. मग ती रेवती बलरामाला दिली. पौराणिकवाले गावकरीही खूश होतील.

डिचोलीचा
"रेवती" नावाला +१. आणि तिसरा मुक्काम मुरगावला करा, ९ मार्च १९४३ च्या रात्री. दुसरं महायुद्ध चालू, गोवा तटस्थ पोर्तुगीजांकडे, म्हणून जर्मन जहाजं मुरगावात आसऱ्याला उभी होती. त्यांतल्या एरेनफेल्सवरून मित्रराष्ट्रांच्या बोटींच्या बातम्या पाणबुड्यांना जात, असा इंग्रजांचा संशय. कलकत्त्याहून हौशी घोडदळातले उतारवयाचे लोक आले, तेही कशातून? फीबी नावाच्या एका गाळवाहू बार्जीतून! ते चढताच जर्मनांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली.

खलाशीबाब
नांगर मांडवीत आहे, मुरगाव जुवारी नदीच्या मुखाशी. साखळी पोचायची नाही.

डिचोलीचा
तुमच्याच नियमात अडकलो. बरं.

गणितवेडी
मग १९६१ वर या, खरं नाट्य तिथे आहे. मांडवीवर तेव्हा पूलच नव्हता. पहिला झाला १९७० मध्ये, आणि तो १९८६ ला कोसळला. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला पोचलं, नदी ओलांडून पणजीत गेलं ते १९ ला सकाळी. मधली रात्र. बेतीच्या काठावर सैनिक, समोर पणजी, मध्ये पाणी, आणि त्या पाण्यात आपली रिकामी बार्ज. खलाशी म्हणणारच, चला, आत्ताच पलीकडे नेऊ. न्यायचं की नाही? नेलं तर इतिहास बदलेल का? यंत्राने याचं काहीतरी उत्तर दिलं पाहिजे.

बिल्जपंप
अदलाबदलीच्या नियमाने उत्तर मिळतं की. बार्जीची खोली आणि पाणी जुळवून ठेवलंय. शे-दोनशे सैनिक चढले की बार्ज खाली बसते आणि हिशेब बिघडतो. पुन्हा घरी जाता येणार नाही.

खलाशीबाब
माझं उत्तर लॉगबुक. लॉगबुकात खोडरबर चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. म्हाताऱ्याने १९ डिसेंबरच्या पानावर काय लिहिलंय ते खलाश्यांना आधीच दिसू द्या. "रात्री नदी शांत. बार्ज नांगरावर." त्यांना ते वाक्य बदलायचं असेल तर रेघ मारून सही करावी लागेल, आणि सही कोणी करायची यावर भांडण. पंप आणि लॉगबुक दोन्ही ठेवा, एकमेकांना मारक नाहीत.

मांडवीकाठ
मंडळी, वहीची पानं भरली. सहीचं भांडण हाच शेवटचा प्रवेश, पक्कं. आता एकच राहिलं. उडी मारते तेव्हा काय दिसावं? साखळी वाजते, वाटी बुडते. पण त्या क्षणी माणसांना काय होतं? चक्कर, प्रकाश, किंकाळी?

दिग्दर्शक_स्वतः
धूर.

खलाशीबाब
काहीच होऊ नये. मी प्रशांत महासागरात तारीखरेषा ओलांडली आहे. जपानकडून अमेरिकेकडे जाताना तीच तारीख दुसऱ्यांदा येते. मंगळवार झाला, झोपून उठलो, पुन्हा मंगळवार. इंजिन तसंच धडधडतंय, ऑयलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा, तसाच पुसतोय, चहा तसाच कडू. फक्त मेसमधल्या फळ्यावर कोणीतरी तारीख बदलायची राहू देतो. दर थोड्या दिवसांनी घड्याळ तासभर पुढे किंवा मागे करतात तेव्हाही तसंच. तो तास एकाच वॉचच्या (पाळीच्या) माथी पडू नये म्हणून तिघांत वीस-वीस मिनिटं वाटून घेतात, आणि कोणाच्या वाट्याला जास्त आलं यावरून कुरबुर होते. काळ बदलला याची आमच्याकडे तेवढीच खूण.

तुमच्या बार्जीवर वाटी बुडली की कोणीतरी उठून फळ्यावरचं २०१२ पुसून १५१० लिहील आणि परत चहाला बसेल. लोक हसतील. मग पडद्यामागून एक तोफ वाजवा.

मांडवीकाठ
ठरलं. दिग्दर्शकाला तोफेबरोबर धूर मिळेल.

दिग्दर्शक_स्वतः
मान्य. दोन तोफा.

सुशेगाद
खलाशीबाब, त्या दुसऱ्या मंगळवारचा पगार मिळाला?

खलाशीबाब
करार महिन्याचा. मंगळवार कितीही येवोत.

पेडणेकरीण
आणि उलट्या बाजूने येताना एक दिवस गायब होतो, त्याचा पगार कापला?

खलाशीबाब
नाही कापला. तेव्हा आम्ही गप्प बसलो.